पाण्याला विन्मुख, तेलाला सन्मुख

दुसऱ्या महायुद्धाच्या आरंभी पाश्चात्त्य आरमारांतील खलाशांच्या अंगावर जी जीवरक्षक बंडी असे, तिच्यात बहुधा पांढऱ्या सावरीचा कापूस भरलेला असे, आणि त्या कापसाचा फार मोठा हिस्सा डचांच्या अंमलाखालील जावा बेटातून येत असे. आपल्याकडे उशा आणि लोड भरण्यापलीकडे सावरीच्या कापसाचा फारसा विचार कोणी केला नाही. परंतु दर्यावर्दी लोकांनी त्याला जे मोल दिले त्याचे कारण त्याच्या घडणीतच आहे. सावरीचा तंतू आतून पोकळ असतो, त्या पोकळीत हवा कोंडलेली असते, आणि बाहेरून त्याच्यावर मेणाचा एक अतिसूक्ष्म लेप असतो. पाणी त्या लेपावर ठरत नाही, म्हणून पोकळीतही शिरत नाही, आणि आपल्या वजनाच्या सुमारे ३० पट भार हा कापूस पाण्यावर तोलून धरतो. मात्र पाणतीर लागून जहाज फुटले, त्याच्या टाक्यांतले इंधन लाटांवर पसरले आणि त्या तवंगातून हातपाय मारणाऱ्या खलाशाच्या बंडीत ते तेल मुरले, की हाच विश्वासू कापूस आपल्या पोकळीतली हवा सोडून तेल जवळ करी आणि तरंगण्याचे आपले व्रत विसरे. पुढे अमेरिकन किनारारक्षक दलाच्या नियमांत हा कापूस प्लास्टिकच्या बंद पिशव्यांत भरल्यावाचून बंडीत वापरू नये असा दंडक आला, आणि कालांतराने कृत्रिम फेसाने त्याला या कामावरून कायमचे बडतर्फ केले.

दूषित पाण्यातून तेल वेगळे करण्यासाठी निसर्गाकडून मनुष्याने जे जे पदार्थ उसने घेतले, त्यांचा इतिहास बहुतांशी या एका दोषाचाच इतिहास आहे. पाण्यापासून आपले रक्षण करण्याची योजना वनस्पतींनी आणि पशुपक्ष्यांनी कोट्यवधी वर्षांत परिपूर्ण केली. तेलाशी त्यांची कधी गाठ पडलेली नव्हती, त्यामुळे त्याच्यापुढे ही सारी योजना निरुपाय ठरते. जलपक्ष्याचे पीस, पाणमांजराची लव, कमळाचे पान आणि सावरीचे बोंड ही सर्व एकाच कारणाने तेलाला बळी पडतात.

जावा बेट १९४२ साली जपान्यांच्या ताब्यात गेले आणि सावरीची आवक तुटली. तेव्हा अमेरिकन सरकारने आपल्या रुईच्या कुळातील तिकडच्या एका रानटी झुडपाचा आश्रय घेतला. मिशिगन प्रांतातील पेटोस्की गावी त्याची बोंडे सोलण्याचा कारखाना उभा राहिला आणि ही बोंडे गोळा करण्याची कामगिरी शाळकरी मुलांवर सोपवण्यात आली. दोन गोण्या बोंडांनी एका शिपायाचा जीव वाचतो, असा प्रचार त्यांच्यापुढे करण्यात येई. आपल्याकडे रुईच्या म्हाताऱ्या फुंकरीने उडवण्यात पोरांचे बालपण जाते. तिकडच्या पोरांनी त्या पोत्यांत भरून युद्धखात्याकडे रवाना केल्या. योगायोग असा, की ही मोहीम जोरात असताना, १९४४ सालीच, कॅसी आणि बॅक्स्टर या दोघा इंग्रज संशोधकांचा सच्छिद्र पृष्ठांच्या ओलेपणाविषयीचा निबंध प्रसिद्ध झाला, आणि त्यात बदकाच्या पिसांचा विचार आलेला आहे. त्यापूर्वी ८ वर्षे, म्हणजे १९३६ साली, वेन्झेलने खडबडीतपणाचा परिणाम मांडलाच होता. हे दोन निबंध पुढे अर्धशतकानंतर या विद्येचे आधारस्तंभ ठरले. त्या वेळी मात्र ते कापडाच्या धंद्यातील लोकांपुरतेच राहिले.

त्यांच्या मांडणीचा गाभा असा. प्रत्येक द्रवाला आपला पृष्ठभाग आवळून धरण्याची ओढ असते. पाण्याची ही ओढ प्रबळ, मीटरमागे सुमारे ७२ मिलिन्यूटन, तर बहुतेक खनिज तेलांची २० ते ३५ च्या दरम्यान. मेणासारखा पदार्थ या दोहोंच्या अध्येमध्ये बसतो. पाण्याला तो आपल्याकडे ओढू शकत नाही, तेलाला मात्र सहज ओढतो. आता हेच मेण गुळगुळीत न राहता सूक्ष्म उंचवट्यांनी खडबडीत झाले, की दोन्ही प्रवृत्ती वाढीस लागतात: पाणी अधिकच दूर लोटले जाते, तेल अधिकच आत शिरते. निसर्गाने खडबड निर्माण केली ती पहिल्या हेतूने. दुसरा परिणाम अनाहूतपणे पदरी पडला.

समुद्रावर तेल सांडण्याचा इतिहास तेलवाहू जहाजांइतकाच जुना आहे. या जातीचे आद्य जहाज मानले जाणारे ग्ल्युकआउफ १८८६ साली पाण्यात उतरले आणि १८९३ साली न्यूयॉर्कनजीकच्या वाळूत रुतून निकालात निघाले. ब्रिटिश पार्लमेंटने बंदरांच्या पाण्यात तेल सोडण्यास मनाई करणारा कायदा १९२२ साली केला, आणि १९५४ साली लंडनला या विषयावर पहिला आंतरराष्ट्रीय करार झाला. या तहनाम्यांत तेल सोडू नये हे पुष्कळ तपशिलाने सांगितले आहे. सांडलेले तेल उचलावे कसे, याची तजवीज मात्र कोणाच्याच दफ्तरी नव्हती. ती उणीव उघड्यावर पडली १९६७ च्या मार्च महिन्यात.

टॉरी कॅन्यन हे सुमारे १ लक्ष १९ हजार टन कच्चे तेल घेऊन निघालेले जहाज १८ मार्च रोजी, वाट वाचवण्याच्या घाईत, कॉर्नवॉल आणि सिली बेटे यांच्या दरम्यानच्या सेव्हन स्टोन्स नामक खडकावर चढले. पुढील पंधरवड्यात ब्रिटिश सरकारने जे केले ते वाचताना आज हसावे की खेद करावा हे कळत नाही. प्रथम जहाज ओढून काढण्याचे प्रयत्न झाले आणि त्यात ते दुभंगले. मग विमानांनी त्याच्यावर बॉम्ब टाकले, तेल पेटावे म्हणून वर आणखी इंधन ओतले. आणि किनाऱ्यावर आलेल्या तवंगावर सुमारे १० हजार टन अपक्षालक रसायने शिंपली. ही रसायने मुळात यंत्रशाळांतील ओशट फरश्या धुण्याच्या जातीची. तेल त्यांनी नाहीसे केले नाही, त्याचे बारीक थेंब करून ते पाण्यात मिसळले; आणि खडकांवरचे शंख-शिंपले, जे नुसत्या तेलातून कदाचित तगले असते, ते या औषधाने मेले. प्लिमथच्या सागरी जीवशास्त्र संस्थेने पुढच्याच वर्षी जो अहवाल ग्रंथरूपाने काढला त्यात हे स्पष्टपणे नोंदलेले आहे, आणि सरकारी उपाययोजनेची इतकी निर्भीड तपासणी इतक्या त्वरेने व्हावी, हे त्या देशाच्या लौकिकाला शोभण्यासारखेच होते.

खाडीपलीकडच्या फ्रेंचांचा मार्ग निराळा. आपल्या मत्स्यव्यवसायाच्या धास्तीने त्यांनी अपक्षालकांचा वापर बेताचा ठेवला. ब्रिटनीच्या किनाऱ्यावर लोक फावडी, बादल्या, पेंढा आणि लाकडाचा भुसा घेऊन उतरले; आणि खोल समुद्रातील तवंगावर शॅम्पेन प्रांतातील सुमारे ३ हजार टन खडूची भुकटी टाकण्यात आली. या भुकटीत स्निग्धाम्लाच्या क्षाराची अल्प मात्रा मिसळलेली होती, म्हणजे खडूच्या प्रत्येक कणाला मेणचट अंगरखा चढवून त्याला पाण्याला विन्मुख आणि तेलाला सन्मुख केलेले होते. तेल त्या कणांना बिलगून तळाशी गेले. ते तळाशी गेल्याने तिथल्या जीवांचे काय झाले हा प्रश्न उरतोच, आणि पुढे तेल बुडवण्याची ही रीत बहुतेक देशांनी त्याज्य ठरवली, ती योग्यच. तथापि सावरीच्या तंतूची युक्ती खनिजाच्या कणावर बुद्धिपुरस्सर चढवण्याचा हा एवढा मोठा प्रयोग मला या कथेत फार महत्त्वाचा वाटतो.

पेंढ्याला खरी राजमान्यता मिळाली ती १९६९ साली. कॅलिफोर्नियात सांता बार्बरासमोरच्या समुद्रात २८ जानेवारीस तेलविहीर फुटली, आणि किनाऱ्यावर येणाऱ्या काळ्या लाटांपुढे गवताच्या पेंढ्यांवाचून दुसरे साधन हाताशी नव्हते. तुरुंगातून आणलेले कैदी वाळूवर पेंढा पसरत आणि तेलाने माखलेला पेंढा पुन्हा गोळा करून मालमोटारींत भरत. पुढच्या वर्षी कॅनडात अ‍ॅरो नावाचे जहाज फुटले तेव्हा दलदलीतले वाळलेले शेवाळ वापरून पाहण्यात आले. या सर्व पदार्थांत एकच खोड होती: त्यांच्या अंगचे मेण अपुरे असल्यामुळे ते तेलाबरोबर पाणीही पीत आणि वेळीच उचलले नाहीत तर बुडत. म्हणून सत्तरीच्या दशकात रसायनधंद्याने पॉलिप्रोपिलिनचे फुगीर नमदे बाजारात आणले तेव्हा सर्व बंदरांनी त्यांचे हर्षाने स्वागत केले. हे नमदे पाण्याला मुळीच शिवत नाहीत आणि आपल्या वजनाच्या दहापंधरा पट तेल घेतात. फक्त ते स्वतः खनिज तेलापासूनच बनतात, काम संपल्यावर कुजत नाहीत, आणि जाळण्यापुरण्याचा प्रश्न मागे ठेवतात. समुद्रातले तेल उचलण्यासाठी जमिनीतले तेल काढावे, हा व्यवहार अर्धशतक निर्वेधपणे चालला आहे.

तेल शोषण्याऐवजी ते पचवून टाकण्याचाही मार्ग लोकांनी शोधला. १९७१ साली जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या नोकरीत असलेल्या आनंद चक्रवर्ती या बंगाली शास्त्रज्ञाने तेल पचवणारा एक जिवाणू सिद्ध केला आणि १९८० साली त्याचे स्वामित्व अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी मान्य केले; कायद्याच्या इतिहासात या निकालाचे स्थान अढळ असले, तरी तो जिवाणू समुद्रात कधी सोडला गेला नाही. आपल्याकडे दिल्लीच्या टेरी या संस्थेने सिद्ध केलेले ऑइलझॅपर हे जिवाणूंचे मिश्रण मात्र तेलकट गाळावर प्रत्यक्षात वापरले जाते, आणि त्या जिवाणूंचे वाहन म्हणून मक्याच्या कणसाच्या बुरकुंडांची भुकटी योजलेली आहे, ही गोष्ट आपल्या विषयाच्या दृष्टीने लक्षणीय आहे.

एक्सॉन व्हाल्डीझ या जहाजाने २४ मार्च १९८९ रोजी अलास्कातील प्रिन्स विल्यम साउंड या आखातात सुमारे १ कोटी १० लक्ष गॅलन तेल सांडले. त्या अनर्थाची चित्रे अलाबामा प्रांतातील फिल मॅक्रोरी नामक एका केशकर्तनकाराने दूरचित्रवाणीवर पाहिली. पाणमांजराच्या लवेत तेल घट्ट भरलेले त्याला दिसले. दुकानात रोज झाडून टाकायचे केस त्याने घरी नेले, पत्नीच्या लांब पायमोज्यात भरले, मुलाच्या पोहण्याच्या लहानशा हौदात यंत्राचे तेल ओतून त्यावर हे बोचके फिरवले, आणि पाणी निवळले. त्याने या युक्तीचे स्वामित्व घेतले, आणि १९९८ साली नासाच्या मार्शल केंद्राने त्याच्या कल्पनेची परीक्षाही केली. परंतु २०१० साली मेक्सिकोच्या आखातात डीपवॉटर होरायझन या तेलविहीर खोदणाऱ्या फलाटावर स्फोट झाल्यावर लोकांनी जगभरातून पाठवलेल्या केसांच्या राशी कोठारांतच पडून राहिल्या. त्याच वर्षाच्या फेब्रुवारीत झालेल्या तुलनात्मक चाचणीत केसांच्या वळकट्यांपेक्षा बाजारी वळकट्यांनी तेल अधिक आणि पाणी फारच कमी घेतले होते, असे कारण देण्यात आले. हा निर्णय पुष्कळांना निष्ठुर वाटला. माझ्या मते तो रास्त होता. सदिच्छा ही पदार्थाच्या गुणधर्माची जागा घेऊ शकत नाही.

पदार्थाचा गुणधर्म म्हणजे काय, हे दाखवण्याचे श्रेय जर्मनीतील बॉन येथील वनस्पतिशास्त्रज्ञ विल्हेल्म बार्थलॉट यांच्याकडे जाते. सत्तरीच्या दशकात ते वनस्पतींच्या पानांचे पृष्ठभाग इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहत होते. पाहण्यापूर्वी पाने धुऊन घ्यावी लागत. काही पाने मात्र न धुताच स्वच्छ असत, आणि तीच नेमकी सर्वांत खडबडीत असत. गुळगुळीत ते स्वच्छ, हा व्यवहारातला समज येथे उलटा पडला. कमळाच्या पानावर सूक्ष्म उंचवटे असून त्यांवर मेणाच्या स्फटिकांची दाट वीण असते, थेंब तिच्या टोकांवरच तोलला जातो आणि घरंगळताना धूळ घेऊन जातो, हे बार्थलॉट आणि नाइनहुइस यांनी १९९७ साली सविस्तर मांडले. भगवद्गीतेच्या पाचव्या अध्यायात कमलपत्राचा दृष्टान्त आहे याचे स्मरण करून आपल्याकडे या शोधाबद्दल पुष्कळदा संतोष व्यक्त केला जातो. पण दृष्टान्त देणाऱ्यास पान अलिप्त का राहते याची तहकीकात करण्याचे प्रयोजन नव्हते, आणि ज्यांना असायला हवे होते त्यांनी ती केली नाही.

तेलाच्या कामी कमळापेक्षाही उपयोगी पडली ती साल्व्हिनिया, म्हणजे ब्राझीलकडून येऊन केरळातील भातखाचरे आणि कालवे गुदमरवून टाकणारी तरंगती वनस्पती. तिच्या पानावर अंडे घुसळण्याच्या रवीसारखे दिसणारे केस दाटीने उभे असतात. केसांचे सर्वांग मेणचट, पण अगदी टोकावरच्या चार मृत पेशी पाण्याला ओढणाऱ्या. त्या पाण्याचा पडदा धरून ठेवतात आणि पडद्याखाली हवेचा थर दीर्घकाळ टिकतो. बार्थलॉट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे २०१० साली प्रसिद्ध केले. पुढे बॉन आणि कार्ल्सरूह येथील संशोधकांनी त्याच पानांवर तेल टाकून पाहिले, तेव्हा हवेची जागा तेलाने अर्ध्या मिनिटाच्या आत घेतली. सावरीच्या बंडीची युद्धकालीन कहाणी प्रयोगशाळेच्या टेबलावर पुन्हा घडली, फक्त आता ती सर्वांना हवी होती. या निरीक्षणावरून २०२० साली बार्थलॉट यांच्या गटाने एक साधन सुचवले: तरंगत्या भांड्याच्या काठावरून त्या पानाच्या धर्तीचे कापड पाण्यात सोडायचे, कापड तवंग शोषून काठावरून आत वाहून नेते, आणि तेल यंत्रावाचून, विजेवाचून भांड्यात साचत जाते. शोषलेला पदार्थ पिळण्याची, फेकण्याची, जाळण्याची सारी यातायात येथे टळते, आणि म्हणूनच आजवरच्या योजनांत मला ही सर्वांत सुज्ञ वाटते.

चिनी संशोधकांनी याच्या उलट वाट धरली. लेइ जिआंग यांच्या गटाने २००९ साली माशाच्या खवल्यांकडे पाहिले. तेलकट पाण्यातही मासा माखत नाही, कारण त्याचे खवले पाणी धरून ठेवतात आणि त्या पाण्याच्या आवरणावरून तेल निसटते. या तत्त्वावर पाणी पिणाऱ्या लेपाची जाळी केली, तर पाणी तिच्यातून पाझरते आणि तेल वर राहते. जाळी तेलाने चोंदत नाही, हा तिचा विशेष. निवडुंगाच्या काट्यावर दवाचा थेंब टोकाकडून बुडख्याकडे सरकतो, त्या धर्तीवर शंक्वाकार काट्यांची रांग करून पाण्यातले अतिसूक्ष्म तेलबिंदू गोळा करण्याचा प्रयोगही २०१३ साली झाला. अशा कृतींचे निबंध त्यानंतर इतके निघाले आहेत की त्यांची गणती करण्यात अर्थ नाही; बहुतेकांत चंचुपात्रातले रंगीत तेल एका चिमट्यात धरलेल्या स्पंजाने टिपलेले दाखवलेले असते.

प्रत्यक्ष किनाऱ्यावर चित्र वेगळे असते. मॉरिशसच्या आग्नेयेस वाकाशियो हे जहाज २५ जुलै २०२० रोजी प्रवाळांवर चढले, ६ ऑगस्टला त्यातून तेल वाहू लागले, आणि सुमारे १ हजार टन इंधन माहेबूरच्या निळ्या पाण्यात आले. तेव्हा तिथल्या हजारो नागरिकांनी, हे काम अधिकाऱ्यांवर सोपवा हा सरकारी इशारा बाजूस सारून, उसाचे पाचट कापडात शिवले, तरंगण्यासाठी रिकाम्या बाटल्या बांधल्या आणि त्यांच्या लांबच लांब वळकट्या समुद्रात सोडल्या. अनेकांनी आपले केस कापून दिले. ज्या उसाच्या मळ्यांत राबण्यासाठी एकोणिसाव्या शतकात रत्नागिरीकडची माणसे मुंबई बंदरातून त्या बेटावर गेली आणि ज्यांचे वंशज आजही तेथे मराठी म्हणून नांदतात, त्याच उसाचे पाचट या प्रसंगी बेटाच्या कामी आले.

आपल्या मुंबईत हाच प्रसंग १० वर्षे आधी येऊन गेला होता. ७ ऑगस्ट २०१० रोजी बंदराच्या तोंडाशी एमएससी चित्रा आणि खलिजिया ही जहाजे एकमेकांवर आदळली; चित्रामधून सुमारे ८०० टन तेल सांडले, भर पावसाळ्यात ते उरण, अलिबाग, घारापुरी आणि वाशीच्या खाडीकडे पसरले, तिवरांच्या मुळ्या काळ्या पडल्या, आणि कोळ्यांची मासळी गिऱ्हाइके नाकारू लागली. जहाजांचे जळाऊ इंधन डांबरासारखे दाट असते. ते कोणत्याही तंतूच्या पोकळीत लवकर शिरत नाही, नुसते त्याच्या अंगाला थापले जाते. २०१७ साली चेन्नईजवळ एन्नोर येथे सांडलेले असलेच तेल माणसे बादल्यांनी उपसत होती, त्याचे एक कारण हेच. शोषक पदार्थाचा प्रांत म्हणजे पातळ तवंग, बंदराचे कोपरे, तिवरांमधल्या चिंचोळ्या वाटा आणि कारखान्यांचे सांडपाणी. खवळलेल्या समुद्रातल्या हजारो टनांचा बंदोबस्त त्याच्याकडून होत नाही, आणि तशी जाहिरात करणारा मनुष्य एकतर अज्ञ असतो किंवा विक्रेता.

त्या मर्यादित प्रांतात मात्र कापसाचा हक्क मोठा आहे. टेक्सास टेक विद्यापीठातील चोई आणि क्लाउड यांनी १९९२ साली नैसर्गिक तंतूंची परीक्षा केली, तेव्हा युद्धकाळात मुलांनी वेचलेल्या त्याच रानटी झुडपाच्या तंतूने आपल्या वजनाच्या सुमारे ४० पट कच्चे तेल घेतले आणि पॉलिप्रोपिलिनला बरेच मागे टाकले. त्याच विद्यापीठात शेषाद्री रामकुमार यांनी पुढे कच्च्या, न धुतलेल्या, अपरिपक्व कापसावर काम केले. अशा कापसानेही आपल्या वजनाच्या ३० पटींहून अधिक तेल धरले. कापड गिरणीला नको असलेला कापूस येथे सरस ठरतो, कारण त्याचे तंतू बारीक असतात आणि अंगचे मेण शाबूत असते. विदर्भातला शेतकरी ज्याला कवडी म्हणतो, हंगाम उलटल्यावर जी फरदड वेचतो आणि जिला बाजारात पडेल तो भाव मिळतो, ती याच जातीच्या मालात मोडते. कापसाच्या तंतूंची परीक्षा करणारी सरकारी प्रयोगशाळा माटुंग्यास १९२४ सालापासून उभी आहे, आणि तेलवाहू जहाजांचा धक्का तिच्यापासून काही मैलांवर आहे. मुंबई बंदराच्या प्राधिकरणाने, किनारारक्षक दलाने आणि कापूस पणन महासंघाने एकत्र बसून विदर्भातील कवडीचे नमदे या बंदराच्या पाण्यात, इथल्याच जळाऊ तेलावर, पावसाळ्यात आणि उन्हाळ्यात तपासून पाहावेत, त्यांचे आकडे खुले करावेत, आणि ते उतरले तर ससून गोदीपासून रेवसपर्यंतच्या प्रत्येक धक्क्यावर त्यांचा साठा पुढच्या अपघाताच्या आधी ठेवावा.